नंदकिशोरचा कान

अंधेरीहून आंबोलीला जाणाऱ्या रस्त्यावर एक दुमजली घर होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर नंदकिशोर धैर्यवान राहायचा. जातीने पाठारे प्रभू, युद्धाच्या आधी गिरगाव सोडून उपनगरात आलेला. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत कारकून होता. सकाळी आठला कोट घालून निघायचा, साडेसहाला परत यायचा. रस्त्यात भेटला तर वळून बघावं असं त्याच्यात काही नव्हतं. पण रविवारी सकाळी दहा वाजले की त्याच्या खिडकीतून ट्रंपेट ऐकू यायचं, आणि तळमजल्यावरच्या शेवंतीकाकू तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "झाला सुरू वरचा बँडबाजा!"

हे वेड त्याला युद्धाने लावलं. चव्वेचाळीस साली एक अमेरिकन सैनिक कंपनीच्या गोदामात लाकडी खोका ठेवून गेला. परत येतो म्हणाला आणि आला नाही. वर्षभर वाट पाहून गोदामवाल्याने खोका उघडला, तर आत जॅझच्या बावीस तबकड्या. कुणालाच नको होत्या, म्हणून नंदकिशोरने त्या घरी आणल्या. चावीच्या ग्रामोफोनवर पहिली लावली. तीन मिनिटांनी ती संपली तेव्हा, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "कुणीतरी खोलीतल्या खुर्च्या उलट्यासुलट्या करून गेल्यासारखं वाटलं." त्यानंतर तो चोरबाजारात जाऊ लागला, बोटीवरच्या स्टुअर्डांना गळ घालू लागला. दहा-बारा वर्षांत दीडशे तबकड्या जमल्या.

त्याला स्वतःला एक सूर वाजवता येत नव्हता. पण मतं होती, आणि ती तो कुणी विचारलं नाही तरी द्यायचा. लंडनचे बँड त्याच्या मते परीक्षेला बसल्यासारखे वाजवतात. पेपर कोरा राहू नये एवढीच त्यांना काळजी. ट्रंपेटवाला आर्मस्ट्राँग ऐकायचा तर जुना ऐकावा. "बाकीचे रेकॉर्डिंगच्या भोंग्यापाशी उभे आहेत आणि ह्याला मागे उभा केलाय, तरी सगळ्यांच्या पुढे ऐकू येतो, बघ!" ड्रम वाजवणारा चांगला कोणता, तर जो थांबल्यावरच तो वाजवत होता हे कळतं. आणि नव्या लाँगप्लेइंग तबकड्यांवर तर त्याचा रागच होता. तीन मिनिटांची ताकीद असली की माणूस नेमकं बोलतो, वीस मिनिटं दिली की पाहुण्यासारखा पाय पसरून बसतो, असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको क्षमा हे सगळं ऐकून घ्यायची. तिला ते संगीत फारसं आवडायचं नाही, पण घरातल्या मांजरासारखं त्याचं येणंजाणं तिने मान्य केलं होतं. एक गाणारी बाई मात्र तिला आवडायची. ही बाई तालाच्या जरा मागून चालते, कुठे पोचायची घाई नसल्यासारखी, असं नंदकिशोरने एकदा समजावून दिलं होतं. तेव्हापासून क्षमा म्हणायची, "अहो, आज ती उशिरा येणारी बाई लावा ना." लेक उत्तरा तेव्हा सहा-सात वर्षांची. ती ग्रामोफोनची चावी फिरवायची.

ह्या रविवारांना नेमाने येणारा माणूस म्हणजे पास्कल परेरा. आंबोली गावठाणातला, मराठी बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ट्रंपेट वाजवायचा. नंदकिशोरने त्याला पहिल्यांदा ऐकलं ते शहरातल्या एका हॉटेलच्या मागच्या गल्लीत उभं राहून. आत जायची ऐपत नव्हती. भटारखान्याचं दार उघडं असायचं, तिथून ऐकायचा. एकदा सिगारेट ओढायला पास्कल त्याच दाराने बाहेर आला, आणि अनोळखी माणसाने त्याला सांगितलं, "दुसऱ्या धुनीत तुमचा शेवटचा सूर वर चढला नाही. पण तुम्ही तो सोडून दिला नाहीत, हे बरं केलंत."

पास्कल त्याच्याकडे बघतच राहिला. "तू वाजवतोस काय रे?"

"नाही."

"मग तुला रे कसं कळलं? सालं आमच्या बँडमास्टरला पण नाय कळलं."

दोघंही अंधेरीचे निघाले, आणि मैत्री झाली. पुढे दारूबंदी आली, हॉटेलांची गिऱ्हाइकं आटली, बँड मोडले. पास्कल अंधेरीतल्या फिल्म स्टुडिओत वाजवू लागला. सिनेमात खलनायक क्लबात शिरला की मागे जे ट्रंपेट वाजतं, ते बऱ्याचदा पास्कलचं असायचं. चार मिनिटांचं काम, तासन्‌तास बसून राहणं. रविवारी तो नंदकिशोरकडे यायचा, खुर्चीत पडायचा आणि म्हणायचा, "लाव काहीतरी खरं."

स्वतः वाजवलेलं काहीही तो आधी नंदकिशोरला ऐकवायचा. नंदकिशोर सपासप बोलायचा, आणि पास्कलला तेच हवं असायचं.

सत्तावन्न सालच्या जून महिन्यात मुंबईत फ्लूची साथ होती. नंदकिशोरच्या ऑफिसातली अर्धी टेबलं रिकामी पडली. उत्तराला ताप आला आणि चार दिवसांत उतरला. मग क्षमाला आला. सगळ्यांनाच येतो, म्हणून पहिले दोन दिवस ती तशीच स्वयंपाक करत राहिली. पाचव्या दिवशी छातीत कफ भरला, सहाव्या दिवशी इस्पितळात नेलं, आठव्या दिवशी सकाळी ती गेली. एकतीस वर्षांची होती.

नंदकिशोर रडला नाही. इस्पितळात त्याने सह्या केल्या, पार्ल्याला राहणाऱ्या बहिणीला निरोप धाडला, स्मशानात सांगतील ते केलं. सगळे म्हणाले, धीराचा माणूस. त्याला स्वतःला धीर वगैरे काही जाणवत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो आणि मग गालाला बोट लावलं तरी ते दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखं वाटतं, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. बहीण सुलक्षणा शाळेत शिक्षिका होती, लग्न केलेलं नव्हतं. ती आपली ट्रंक घेऊन अंधेरीला राहायला आली. तिने उत्तराच्या वेण्या घातल्या, क्षमाची लुगडी घडी करून पेटीत ठेवली. नंदकिशोर बघत होता. पेटीचं झाकण लागलं तेव्हा त्याच्या मनात आलं, बिजागरीला तेल हवंय.

दिवस झाले. सोळाव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येऊन त्याने कोट काढला, ग्रामोफोनवरचं कापड बाजूला केलं आणि तबकडी लावली.

सुलक्षणा स्वयंपाकघरातून धावत आली. "भाऊ, अरे काय करतोयस? महिना तरी होऊ दे. लोक काय म्हणतील?"

"बघतोय," तो म्हणाला.

"काय बघतोयस?"

ती उशिरा येणारी बाई गात होती. नंदकिशोर वाट बघत उभा होता. मागचा पियानो त्याला ऐकू आला, सॅक्सोफोनवाल्याने मध्ये घेतलेला श्वास ऐकू आला, तबकडीच्या कडेचा चराही ऐकू आला. सगळं आधीसारखंच स्वच्छ ऐकू येत होतं. पण आत काही हललं नाही. त्याने तबकडी उलटून दुसरी बाजू लावली. तिसरी काढली, चौथी लावली. खाली शेवंतीकाकू कुणाला तरी म्हणाल्या, "बायकोची राख निवली नाय आणि ह्यांचा बाजा बघा." तेही त्याला ऐकू आलं. त्याचंही काही वाटलं नाही.

दारात उत्तरा उभी होती. चावी फिरवायला ती पुढे आली नाही, आणि त्यानेही बोलावलं नाही.

रविवार पुन्हा सुरू झाले. पास्कल येऊन मुकाट्याने बसायचा. पहिल्या रविवारी त्याने नंदकिशोरच्या खांद्यावर हात ठेवला, नंदकिशोरने पान खाणार का विचारलं. मग तबकड्या लागल्या आणि नंदकिशोर बोलू लागला. हा क्लॅरिनेटवाला घाई करतो, ह्या रेकॉर्डिंगमध्ये माइक पियानोच्या पोटात ठेवलाय. मतं सगळी बरोबर होती. पाठ असलेले पाढे जीभ म्हणते तशी ती बाहेर पडत होती. पास्कलला फरक कळला नाही. निदान नंदकिशोरला तसं वाटलं.

सप्टेंबरात पास्कल एका रविवारी नऊ वाजताच आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि दाढी केलेली होती.

"नंदू, झालं रे! माझी तबकडी निघते."

फोर्टातल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने पास्कलला आणि त्याच्या तीन सोबत्यांना एक दुपार दिली होती. एका बाजूला नाचाची एक चालू धून वाजवायची, दुसऱ्या बाजूला पास्कलने स्वतः बांधलेली. वीस वर्षं तो दुसऱ्यांचं वाजवत आला होता. ही धून त्याने गावठाणातल्या विहिरीच्या कठड्यावर बसून जुळवली होती, बापाच्या मरणानंतर. ती त्यांनी दोनदा वाजवली. कंपनीने दोन्ही वेळचं वाजवणं नमुन्याच्या तबकड्यांवर उतरवून दिलं आणि सांगितलं, ह्यातलं एक निवडा, मंगळवारपर्यंत कळवा. दुसरं पुसून टाकणार.

"मऊ आहेत ह्या," पास्कल म्हणाला. "जास्त वाजवल्या तर खरवडून जातील. तू ऐक आणि सांग."

नंदकिशोरने लोखंडी पिन काढून बांबूची लावली, कैचीने तिचं टोक कापलं. पहिली तबकडी लावली. पास्कल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

धून संथ होती. मध्यावर ट्रंपेट एकटं वर चढत जात होतं, आणि अगदी वरच्या सुरावर ते फाटलं. क्षणभरच. मग तो फाटलेला सूर तसाच धरून पास्कल खाली उतरला होता. उतरताना मागचा ड्रमवाला हात आखडून जवळजवळ थांबला होता.

दुसऱ्या तबकडीवर तीच धून होती. वरचा सूर नीट लागला होता. ड्रम सरळ चालला होता. कुठेही काही फाटलं नव्हतं.

"बोल," पास्कल म्हणाला. तो अजून खिडकीकडेच बघत होता.

नंदकिशोरला दोन्हींतला फरक बोट ठेवून दाखवता आला असता. पहिल्यात वरचा सूर चुकला, ड्रम बिचकला. दुसऱ्यात चूक नाही. ह्याच्या पलीकडे काहीतरी असायचं, तो शोधू लागला. हात घालून बघितलं, तर तिथे काही लागेना. "मला सांगता येत नाही" हे शब्द त्याच्या तोंडाशी आले होते. पण बारा वर्षांत ते त्याने कधी उच्चारले नव्हते. आणि पास्कल वाट बघत होता.

"दुसरी," तो म्हणाला. "पहिलीत सूर फाटलाय."

पास्कल वळला. "ते मला ठाऊक आहे. पण तरी?"

"तरी काय? फाटलेला सूर लोक विकत घेणार का? दुसरी स्वच्छ आहे."

पास्कल थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होता. मग म्हणाला, "तू म्हणतोस ना, मग झालं." दुसरी तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून तो निघून गेला. पहिली ग्रामोफोनशेजारीच राहिली होती. नंदकिशोरने ती पाकिटात घालून बाकीच्यांत ठेवून दिली.

डिसेंबरात तबकडी बाजारात आली. लेबलावर पास्कलचं नाव बारीक अक्षरांत होतं आणि धुनीला कंपनीने नुसतं 'डान्स' असं नाव दिलं होतं. स्टुडिओतल्या वादकांनी पास्कलच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या बँडचा जुना पियानोवाला तबकडी ऐकून म्हणाला, "चांगलीय. तू हॉटेलात वाजवायचास तशी नाही, पण चांगलीय." पास्कलने हे नंदकिशोरला हसत सांगितलं. तबकडी फारशी खपली नाही. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात तिची चळत बरेच दिवस काउंटरवर होती, मग काउंटरखाली गेली.

नंदकिशोर ऑफिसला जात राहिला. सुलक्षणा घर बघत राहिली. उत्तरा दुसरीतून तिसरीत गेली. क्षमाच्या वर्षश्राद्धाला भटजी आले, जेवणं झाली. त्या दिवशीही त्याचे डोळे कोरडेच होते.

त्यानंतरच्या आठवड्यात उत्तराने तबकड्यांच्या कप्प्यातून एक बिनलेबलाची तबकडी काढून आणली. "पपा, हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. कुणाची आहे?"

वर्षभरात तिने पहिल्यांदा ग्रामोफोनला हात लावला होता. नंदकिशोरने पिन बदलली. तिने चावी फिरवली. ट्रंपेट वर चढत गेलं आणि फाटलं.

उत्तराने एकदम त्याच्या बाहीला धरलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही." मग बाही न सोडता ती म्हणाली, "आईला हाक मारताना माझा आवाज असा झाला होता. इस्पितळात."

नंदकिशोरला ते आठवेना. तिने हाक मारली होती आणि तो तिथे होता, बहुतेक सह्या करत. आठ वर्षांच्या पोरीला जे एका फेरीत लागलं, ते त्याच्या हातात आलेलं असताना त्याने चुकीचं म्हणून बाजूला टाकलं होतं. आणि आता कंपनीकडचं मूळ पुसलं गेलं होतं.

"पपा, तुम्हाला आईची आठवण येत नाही का?"

"येते गं," तो म्हणाला. "पण कुठे लागत नाही."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिने तबकडी उचलून नीट पाकिटात घातली.

तो तसाच उठला, चपला घातल्या आणि आंबोलीला गेला. पास्कल अंगणात ओट्यावर बसून ट्रंपेटच्या खटक्यांना तेल घालत होता. त्याची म्हातारी आई आतून म्हणाली, "ये रे नंदू, मैद्याचे फुगे तळलेत, खाऊन जा." नंदकिशोर बसला नाही.

"पास्कल, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं."

"कुठल्या दिवशी?"

"तबकडीच्या. पहिली खरी होती. मला तेव्हा काही ऐकूच येत नव्हतं. म्हणजे कानाला येत होतं, पुढे जात नव्हतं. अजूनही जात नाही. मी आपलं चुका मोजून सांगितलं."

पास्कलने तेलाची बाटली खाली ठेवली. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"मग बोललास कशाला?" तो म्हणाला. "नाय कळत म्हणायला काय जात होतं तुझं? तुझी बायको गेली, मला काय दिसत नव्हतं? मी काय दगड आहे? तू म्हणाला असतास, पास्कल, आज नको, तर मी उलटून एक शब्द बोललो असतो?"

"नसतास बोलला."

"वीस वर्षांत एकदा रे! एकदा मला कुणी विचारलं, तुझं काय आहे ते वाजव." त्याचा आवाज चढला तशी आई दारात येऊन उभी राहिली. "मला पहिलीच हवी होती. पण मी म्हटलं, नंदूचा कान आहे, तो सांगेल ते खरं. जा आता. जा इथून."

नंदकिशोर निघाला. रस्त्याने चालताना त्याचे कान तापले, मान तापली. शेजारच्या कुंपणाला धरून तो थोडा वेळ उभा राहिला. लाज वाटत होती त्याला, शाळेत मार खाल्ल्यावर वाटायची तशी, उघडीवाघडी. ती वाईट होती, पण होती. वर्षभरात त्याला पहिल्यांदाच काही लागलं होतं. घरी पोचेपर्यंत ती पुरेल का, अशी त्याला भीती वाटली. जिन्यापाशी आला तोवर ती बरीचशी ओसरली होती.

त्याने शेवंतीकाकूंना विचारलं, "उत्तरा खाली आली होती का खेळायला?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "खेळायला? वर्ष झालं ती खाली येऊन. तुम्हाला ठाव नाय?"

त्या दिवसापासून तो संध्याकाळी उत्तराला घेऊन खाली बसू लागला. दोघं फारसं बोलत नसत. ती शाळेतलं काहीबाही सांगायची, तो ऐकायचा. कधी मध्येच आपण ऐकत नव्हतो हे त्याच्या ध्यानात यायचं. मग तो म्हणायचा, "पुन्हा सांग," आणि ती पुन्हा सांगायची. ऑक्टोबरात ती शेवंतीकाकूंच्या मुलींबरोबर लंगडी खेळू लागली.

रविवारी ग्रामोफोन बंद असे. पास्कल आला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नंदकिशोरने त्याला नाताळात एक पत्र लिहिलं, चार ओळींचं, त्यात माफी मागितली. उत्तर आलं नाही. ऑफिसात कुणी रेकॉर्डांबद्दल विचारलं तर तो आता म्हणायचा, "माहीत नाही." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली, नंतर सवय झाली.

एकोणसाठच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी जिन्यावर पावलं वाजली. पास्कल होता. त्याने सुलक्षणाला नमस्कार केला, उत्तराच्या हातात घरच्या केळ्यांची फणी दिली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला.

"स्टुडिओत कसं आहे?" नंदकिशोरने विचारलं.

"खलनायक वाढलेत. काम आहे." पास्कलने पिशवीतून एक तबकडी काढली. "चोरबाजारात मिळाली. कोण आहे कळत नाय, लेबल फाटलंय. लाव."

"ती तुझी पहिली माझ्याकडे आहे. नेतोस?"

"राहू दे तिकडेच. ही लाव."

नंदकिशोरने कापड काढलं, उत्तराने चावी फिरवली. पाचजणांचा बँड होता, गावठी, कुठल्यातरी लहान गावातला असावा. तबकडी फार घासलेली होती. पास्कल डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने डोळे उघडले.

"कसं आहे?"

"ड्रमवाला पुढे पळतोय."

"ते मला पण कळलं. तुला कसं वाटलं?"

नंदकिशोरने खरंच शोधून बघितलं.

"अजून काही नाही रे," तो म्हणाला.

पास्कलने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "दुसरी बाजू लाव."